पाच तुकड्यांची किल्ली

आणखी अकरा दिवस तोंड मिटून खुर्चीत बसले असते, तर कुलूपकाकांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, पूर्ण पेन्शन. दुसरी, 'सेवेत एकही डाग नाही' असा मोठ्या साहेबांच्या सहीचा दाखला, आणि त्या दाखल्याच्या जोरावर दोन वर्षांची सल्लागारकी. म्हणजे तेच काम, तीच खोली, फक्त चूक झाली तर मान दुसऱ्याची. तिसरी, निरोपाच्या दिवशी आम्ही सगळे मिळून देणार ती भेट.

भेट काय हवी हे काकांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हे. त्यांनी फक्त आमच्यातल्या एकेकाला जिन्यात गाठून म्हटलं होतं, "उगाच घड्याळबिड्याळ आणू नका. घरात तीन आहेत, तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. आणायचंच असेल तर बसायला काहीतरी आणा. एक नको, एकटी खुर्ची बरी दिसत नाही. सहा असल्या की जरा शोभतं."

सहाच का, हे कुणी विचारलं नाही. आमच्या खात्यात झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ते प्रकरण पाठ होतं.

काकांच्या सासऱ्यांचं एक शिसवी टेबल होतं, जेवणाचं, आठ माणसं ऐसपैस बसतील एवढं, आणि त्याच लाकडाच्या सहा खुर्च्या. सासरे गेले, वाटणी झाली. थोरले जावई म्हणून काकांनी टेबल उचललं. धाकट्या जावयाने, म्हणजे काकांच्या साडूने, खुर्च्या उचलल्या. दोघांचाही हिशोब एकच: समोरचा आठ दिवसांत कंटाळेल आणि आपला वाटा गुपचूप आणून देईल. त्याला सहा वर्षं झाली. काकांकडे त्या राजेशाही टेबलाभोवती प्लास्टिकची स्टुलं आहेत, आणि त्यांवर बसलं की ताट हनुवटीला लागतं. साडूकडे सहा खुर्च्या भिंतीला पाठ लावून ओळीने उभ्या आहेत. नवा पाहुणा आत आला की विचारतो, डॉक्टर किती वाजता येतात.

तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. नोकरी मात्र एकाच इमारतीत. काका दुसऱ्या मजल्यावर संदेश विभागात, साडू चौथ्या मजल्यावर हिशोब तपासणीत. लिफ्टमध्ये एक दिसला की दुसरा जिन्याने जातो. त्यामुळे पन्नाशी उलटून गेली तरी दोघांची तब्येत ठणठणीत आहे.

आम्ही पाणीपुरवठ्याची माणसं. गावाचं पाणी सदतीस पंपघरांतून फिरतं. कुठला व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, कुठला पंप केव्हा बंद करायचा, हे हुकूम आमच्या इमारतीतून वायरलेसवर जातात. ते सगळे कुलूपबंद जातात, नाहीतर कुणीही रिकामटेकडा घरबसल्या अर्ध्या गावाच्या आंघोळी बंद करील. हुकमाला कुलूप घालायची आणि तिकडे ते उघडायची किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. तो दर तीन महिन्यांनी बदलतो. नवा आकडा तयार करून सदतीस ठिकाणी पोचवणारी एक लोखंडी पेटी काकांच्या खोलीत, खिडकीशेजारच्या फळीवर होती. म्हणून ते कुलूपकाका. तोंडावर अर्थात साहेब.

आता निरोपाचे फोटो निघणार ते याच खोलीत. भिंतीला पोपडे आलेले. काकांनी रंगारी बोलावला आणि स्वतः जेवायला गेले. रंगारी काळजीवाला माणूस. पेटीवर शिंतोडे उडू नयेत म्हणून त्याने ती उचलली, आडवी केली, व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि वर वर्तमानपत्रही झाकलं.

त्या पेटीचा स्वभाव असा की कुणी तिला उचलून वाकडी केली, की तिला वाटतं चोर आला. आणि चोराच्या हाती काही लागू नये म्हणून ती पोटातलं सगळं जागच्या जागी पुसून टाकते. फार इमानी यंत्र. काका जेवून आले तेव्हा पेटी व्हरांड्यात आडवी पडली होती आणि तिला स्वतःचं नावदेखील आठवत नव्हतं.

हा मंगळवार. जुनी किल्ली संपत होती शुक्रवारी दुपारी बारा वाजता.

"बारा वाजून एक मिनिटाने काय होईल?" काकांनी नव्या इंजिनिअरला विचारलं. ही मुलगी चार महिन्यांपूर्वी रुजू झालेली, आणि काकांच्या जागी तीच बसणार होती. उत्तर माहीत असूनही काकांनी विचारलं. कुणी दुसरं सांगेल अशी आशा होती.

"सदतीस पंपघरं बहिरी होतील, सर. आणि मुकी. आपला हुकूम त्यांना कळणार नाही, त्यांचं उत्तर आपल्याला कळणार नाही. मग प्रत्येक पंपघरात माणूस पाठवून हाताने किल्ली भरायची. दीड महिना तरी लागेल. तोवर चिठ्ठ्या घेऊन सायकली पळवायच्या."

"आणि चौकशी?"

"ती लगेच लागेल. तिला सायकल लागत नाही."

काका नव्या रंगाच्या भिंतीला टेकले. कोटाच्या पाठीवर त्याचा शिक्का बसला तो बसलाच.

"पण काळजी कसली, सर?" इंजिनिअर म्हणाली. "सगळ्या किल्ल्यांची प्रत कपाटात आहे. प्रतीला कुलूप आहे, पण ते उघडणाऱ्या मूळ किल्लीचे पाच तुकडे करून पाच जणांना दिलेत. पाच कार्डं, प्रत्येकाचं एक गुप्त वाक्य. कुठलेही तीन जण एकत्र आले की किल्ली परत. आणि याचा दर वर्षी सराव झालाय. रजिस्टर बघितलं मी. सात वर्षं, सात सह्या, 'सराव यशस्वी'."

काका कोटाची पाठ रुमालाने पुसू लागले.

"झालाय ना, सर?"

"रजिस्टर भरलंय," काका म्हणाले.

खरं म्हणजे दर वर्षी मार्चअखेरीला आमचा शिपाई ते रजिस्टर घेऊन यायचा, काका चहाचा कप त्याच्यावर ठेवायचे, चहा संपला की सही करायचे. सात सह्या आणि सात गोल डाग. पाच जण एकत्र आले ते एकदाच, आठ वर्षांपूर्वी, कार्डं वाटताना.

आता त्या पाचांचा शोध सुरू झाला. एक पंप विभागाचे जुने प्रमुख. ते तीन वर्षांपूर्वी वारले, आणि वाक्य त्यांच्याबरोबर गेलं. दुसरा एक इंजिनिअर, परदेशी स्थायिक झालेला. त्याला फोन लावला. तो फार प्रेमाने बोलला. कार्ड आहे म्हणाला, रोज वापरतो म्हणाला. काका सुखावले. मग कळलं की तिकडे थंडीत गाडीच्या काचेवर बर्फ जमतं आणि ते खरवडायला त्या कार्डासारखं दुसरं काही नाही. चिप केव्हाच निघून गेली होती.

तिसऱ्या आमच्या भांडारवाल्या बाई, निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "कार्ड आहे. वाक्य आहे. शुक्रवारी येते. कार्ड परत केल्याची पावती लागेल." चौथे स्वतः काका.

आणि पाचवा साडू. आठ वर्षांपूर्वी दोघांचं इतकं गूळपीठ होतं की काकांनी मोठ्या साहेबांना सांगितलं होतं, किल्लीचा तुकडा घरातल्याच माणसाकडे असलेला बरा.

पाचातले दोन गेले, उरले तीन. लागणारही तीन. इथे काकांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

समोरासमोर बोलायचा प्रश्न नव्हता, म्हणून काकांनी चौथ्या मजल्यावर रीतसर पत्र पाठवलं: आपणांस कळविण्यात येते की शुक्रवारी अकरा वाजता कार्डासह उपस्थित राहावे. पत्र नेलं नव्या इंजिनिअरने. अर्ध्या तासात उत्तर आलं, तेही रीतसर. कार्ड सुरक्षित आहे. वाक्य स्मरणात आहे. तथापि खाली सही करणाऱ्याच्या सासरचे एक जेवणाचे टेबल गेली सहा वर्षे अन्यत्र अडकून पडले आहे. ते मोकळे झाल्यास उपस्थित राहणे सोयीचे होईल.

काकांनी त्याच्याच खाली लिहिलं: टेबल हा विषय या फाइलमध्ये येत नाही.

उत्तर आलं: नवीन फाइल उघडावी.

बुधवारभर इंजिनिअर जिने चढत-उतरत होती. शेवटी ती साडूला म्हणाली, "अहो सर, गावाचं पाणी थांबेल."

साडूने चष्मा काढून पुसला. "बाई, मी काही नाही म्हटलंय का? सहा वर्षं माझी मुलं खुर्चीवर बसून मांडीवर ताट घेऊन जेवतात. आगगाडीत असल्यासारखी. मी कुणाचं पाणी तोडलं नाही."

"आणि कार्यालयाचं कर्तव्य?"

"ते बिनशर्त आहे. मी अकरा वाजता हजर राहीनच. फक्त टेबल आलं नाही तर वाक्य आठवेल याची खात्री देत नाही. वय झालं."

गुरुवारी काकांनी घरी फोन लावला. फोन स्पीकरवर राहिला हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आणून देण्याएवढे आम्ही मूर्ख नव्हतो.

"ऐकलंस का, तो टेबल मागतोय."

"मग देऊन टाका," काकू म्हणाल्या.

"अगं, शिसवी आहे ते."

"म्हणूनच म्हणते. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जायचं तर मला पोट आत ओढून आडवं जावं लागतं. सहा वर्षं."

"तुझ्या वडिलांची आठवण आहे ती."

"बाबा जन्मभर पलंगावर बसून जेवले. ते टेबल त्यांनी पाहुण्यांवर छाप पाडायला घेतलं होतं, आणि पाहुणे आले की त्यावर इस्त्रीचे कपडे असायचे. धाकटीला टेम्पो सांगायला सांगू का?"

 "तू धाकटीशी बोलतेस?"

"रोज. अडीच ते सव्वातीन. भांडण तुमचं आहे, आमचं कुठे आहे?"

काकांनी फोन ठेवला आणि कागद ओढला. साडू हिशोब तपासणीस असल्यामुळे लेखी लागत होतं. 'टेबल, शिसवी, नग एक' असं लिहून पाठवलं. कागद परत आला. 'एक' च्या पुढे लाल शाईत भर होती: 'पाय चार, खण एक, खणाच्या किल्लीसह.' काकांनी दात ओठ खात सही केली. एवढं झालं तेव्हा आम्हाला वाटलं, आता किल्ली मिळालीच.

शुक्रवारी अकराला बाई आल्या. पिशवीतून बिस्किटाचा डबा, डब्यातून रुमाल, रुमालातून कार्ड. आठ वर्षांत त्यावर ओरखडा नव्हता. आधी पावती घेतली, मगच कार्ड यंत्रात घातलं.

इथे एक नियम सांगायला हवा. वाक्य चुकीचं टाइप झालं तर कार्ड पाच वेळा माफ करतं, मग कायमचं मरतं. तसं होऊ नये म्हणून नियम क्रमांक नऊ: वाक्य पडद्यावर पूर्ण दिसावं आणि साक्षीदाराने ते शब्द न् शब्द वाचून मगच बटण दाबावं. साक्षीदार म्हणजे विभागप्रमुख, अर्थात काका. एकदा वापरलं की वाक्य बाद आणि अहवालाला जोडायचं. हा नियम काकांनीच लिहिलेला, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. वाक्यं मी इथे सांगतोय ती त्या अहवालातून, ऐकीव नव्हे.

बाईंनी टाइप केलं: 'भांडारात काही शिल्लक नाही.'

पुढे अहवालात ते वाचून आम्ही हसलो. तीस वर्षं पेन मागा, कागद मागा, बाईंच्या तोंडून हेच वाक्य ऐकलं होतं. चोराने आमच्या खात्यात एक दिवस नोकरी केली असती तरी पुरलं असतं.

पेटीवर एक हिरवा दिवा लागला.

मग काका. त्यांच्या वेळी साक्षीदार नवी इंजिनिअर. काकांनी जेवणाचा डबा पिशवीतून काढला, उलटा केला आणि बुडाला चिकटवलेली चिठ्ठी बघून एका बोटाने टाइप केलं. 'वाक्य कुठेही लिहून ठेवू नये', हा नियम क्रमांक दोन, तोही काकांचाच. पडद्यावर आलं: 'माझ्यावाचून या गावाला पाणी मिळणार नाही.'

"या क्षणाला तरी खरं आहे, सर," इंजिनिअर म्हणाली.

दुसरा दिवा.

अकरा वाजून सतरा मिनिटांनी साडू यंत्रासमोर बसला. काका साक्षीदार म्हणून त्याच्या मागे उभे. सहा वर्षांत दोघे एकमेकांच्या इतके जवळ आले नव्हते. साडूने कीबोर्डवर हात ठेवले आणि काढून घेतले.

"साक्षीदार बदलता येईल का?" त्याने इंजिनिअरला विचारलं.

"नियम नऊ," काका छताकडे बघत म्हणाले.

साडूने टाइप केलं: 'सत्याचाच विजय होतो.' काकांनी वाचलं, मान डोलावली, बटण दाबलं. लाल दिवा. चार संधी उरल्या.

"विसरलात का, सर?" इंजिनिअरने विचारलं.

"नाही."

त्याने टाइप केलं: 'कष्टाशिवाय फळ नाही.' लाल दिवा. तीन.

"हे बघा," काका छताला म्हणाले, "टेबल लिहून दिलंय. खण, खणाची किल्ली, सगळं. आता कशासाठी अडवणूक?"

"मी अडवत नाही. तुम्ही जरा तिकडे बघा."

"तिकडे बघून मी वाचू कसं?"

"नाही वाचलं तर काय बिघडतंय?"

"नियम आहे."

"कुणी केला नियम?"

"मीच केला, दुसरं कोण करणार? आणि तू काय खरडून ठेवलंयस ते मला माहीत आहे. शिवी असणार. लिही. सहा वर्षं माझ्या पाठीमागे देतोस, आज तोंडावर दे, आणि मोकळा हो."

सहा वर्षांत पहिल्यांदाच काका त्याला 'तू' म्हणाले होते. साडूने घड्याळाकडे पाहिलं. अकरा तेहतीस. मग मान खाली घालून, एकेक अक्षर शोधत, त्याने टाइप केलं:

'साडू असावा तर माझ्या साडूसारखा.'

काकांनी वाचलं. नियमाप्रमाणे शब्द न् शब्द. बटण दाबायचं राहिलं.

"हे केव्हाचं?" त्यांनी विचारलं.

"कार्डं वाटली तेव्हाचं. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं त्या वर्षीचं. अकरा रात्री तू दवाखान्यात स्टुलावर बसून काढल्यास. वाक्य विसरणार नाही असं हवं, असं तूच सांगितलं होतंस."

"मग विसरला नाहीस?"

"विसरायचा प्रयत्न केला की. होत नाही."

"सर, अकरा छत्तीस," इंजिनिअर म्हणाली.

काकांनी बटण दाबलं. तिसरा हिरवा दिवा लागला. पेटी गुरगुरली, कपाटातली प्रत तिच्या पोटात गेली, आणि अकरा एक्केचाळीसला नवी किल्ली बाहेर पडली. अकरा अठ्ठावन्नला सदतिसावं पंपघर 'मिळाली' म्हणालं. गावात कुणाचा नळ एक थेंबभरही कमी झाला नाही, आणि त्यामुळे कुणी आमचे आभारही मानले नाहीत.

"टेबल राहू दे तुझ्याकडेच," साडू उठताना म्हणाला.

"लिहून दिलंय मी. टेबल तुझं."

"मग खुर्च्या तू घे."

"टेबल तुला देऊन खुर्च्या मी घेऊ? म्हणजे पुन्हा तेच."

"मग दोन्ही घे."

"दोन्ही तू घे."

आवाज पुन्हा चढायला लागले तेव्हा काकांचा फोन वाजला. काकू होत्या. टेबल साडेदहालाच टेम्पोत चढलं होतं आणि आता धाकटीकडे पोचून त्याच्यावर चहाही झाला होता. म्हणजे इकडे वाक्य उघडण्याआधीच तिकडे सौदा पुरा झाला होता. दोघे साडू लिफ्टने खाली गेले. एकाच लिफ्टने.

राहिलं रजिस्टर. दुपारी इंजिनिअर ते घेऊन काकांसमोर आली. तिने लिहिलं होतं: 'पहिला सराव. यशस्वी.'

"आठवा लिही ना," काका म्हणाले. "वर सात आहेत, खाली आठवा. ओळीने बरं दिसतं."

"सर, मागचे सात झाले नाहीत."

"कागदावर झालेत."

"मग ते कागदावर राहू देत. हा खराच झालाय. पहिलाच आहे."

"मोठे साहेब विचारतील, मग ते सात कसले? माझा दाखला जाईल. सल्लागारकी जाईल."

"ते आहेच. आठवा मी लिहू शकत नाही, पण तुम्ही सही नाही केलीत तर ही नोंद तशीच बिनसहीची ठेवू शकते. अकरा दिवसांचे आता आठ राहिलेत. तुम्ही गेल्यावर बघता येईल."

खरं म्हणजे तिने दार उघडून दिलं होतं. काकांनी नुसतं मान वळवून बाहेर पडायचं होतं. त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं, सातही गोल डागांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो एक वाक्य आठ वर्षं सांभाळतो, तेही नको असताना. आणि मी चहा पिऊन सह्या करतो." आणि 'पहिला'च्या खाली सही केली. कप शेजारी होता, तो त्यांनी खिडकीत नेऊन ठेवला.

आता शेवटची बेरीज मांडतो.

पेन्शन पूर्ण मिळाली. पाणी थांबलं नव्हतं, कापायला कारण नव्हतं. दाखल्यावर 'एकही डाग नाही' ऐवजी 'सेवा समाधानकारक' आलं. डाग सात होते आणि तेही चहाचे, पण मोठ्या साहेबांनी मोजले. सल्लागारकी गेली ती भांडारवाल्या बाईंकडे, कारण आठ वर्षांत कार्ड कोरं आणि कोरडं ठेवणारं खात्यात तेवढं एकच माणूस निघालं. आता आम्ही वर्षातून दोनदा खरोखरीचा सराव करतो, आणि बाई प्रत्येक वेळी पावती मागतात. काकूंना बाल्कनी मिळाली. रंगाऱ्याने अर्धी खोली रंगवली होती. बाकीची तशीच आहे, कारण पेटीजवळ ब्रश न्यायची आता कुणाची छाती नाही. निरोपाचा फोटो रंगवलेल्या अर्ध्यात दाटीवाटीने काढला.

आणि खुर्च्या. सहा खुर्च्यांची मागणी आम्ही आधीच नोंदवली होती, दुकानदार ती परत घेईना. त्या काकांच्या घरी पोचल्या. टेबल तर साडूकडे गेलेलं. म्हणजे आता साडूकडे टेबल आणि सहा खुर्च्या, आणि काकांकडे सहा खुर्च्या, भिंतीला पाठ लावून, ओळीने.

दर रविवारी दोन्ही घरं त्या टेबलावर एकत्र जेवतात. माणसं आठ, तिथल्या खुर्च्या सहा. म्हणून दर रविवारी कुलूपकाका दोन खुर्च्या दोन हातांत धरून तीन मजले उतरतात, चार गल्ल्या ओलांडतात, आणि संध्याकाळी पुन्हा घरी आणतात. तिथेच ठेवा म्हटलं तर ठेवत नाहीत. म्हणतात, आपली वस्तू आपल्याकडे असलेली बरी.

ओझं ते वाहतात, जेवण साडू घालतो. खुर्च्यांचे पैसे भरले आम्ही.